जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्स क्रॅश होत असेल, तर या चुका टाळा

सात-आठ वर्षे वापरलेल्या लॅपटॉपचा पडदा काम चालू असताना क्षणभर काळा होतो, परत येतो आणि डिस्प्ले ड्रायव्हरने (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रतिसाद देणे थांबवले होते, अशी सूचना कोपऱ्यात उमटते. काही दिवसांनी हे वारंवार होऊ लागते आणि मग एखादा व्हिडिओ पाहताना थेट निळा पडदा येऊन यंत्र रीस्टार्ट होते. अशा वेळी कोणी लगेच विंडोज फॉरमॅट करून घेतो, कोणी मिळेल तो नवा ड्रायव्हर चढवतो, तर कोणी दुकानात सांगितलेले 'ग्राफिक चिप गेली' हे निदान मुकाट्याने मान्य करतो. बिघाड ड्रायव्हरमध्ये आहे, उष्णतेमुळे आहे, की चिप, मेमरी किंवा पडद्याची केबल यांपैकी कशात आहे, हे ठरवल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंदाजपंचे असतो. जुन्या यंत्रावर असे चार अंदाज फसले, की चांगले चालणारे भागही बिघडतात आणि मूळ दोष कोणता होता हे शोधणे आणखी अवघड होते.

नोंदी न वाचता उपाय सुरू करणे

विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांमध्ये ग्राफिक्स चिपवर लक्ष ठेवणारी एक यंत्रणा असते. तिचे नाव 'टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी', म्हणजेच टीडीआर. चिपला दिलेले काम मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत पुढे सरकले नाही, तर ती अडकली असे मानून विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि तेवढ्या वेळात पडदा काळा दिसतो. हा प्रयत्न यशस्वी झाला तर काम पुढे चालू राहते. फसला तर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असा मजकूर घेऊन निळा पडदा येतो.

या प्रत्येक घटनेची नोंद यंत्रात राहते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखालील 'सिस्टिम' उघडले, की 'डिस्प्ले' या स्रोताखाली ४१०१ क्रमांकाच्या नोंदी सापडतात. त्याहून सोयीचे साधन म्हणजे रिलायबिलिटी मॉनिटर, जे स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' टाइप केल्यावर लगेच मिळते. त्यात दिवसांचे उभे रकाने असतात, बिघाडाच्या दिवशी लाल फुली दिसते आणि ज्या दिवशी एखादा ड्रायव्हर किंवा विंडोज अपडेट बसले त्या दिवशी निळी खूण दिसते. पहिली लाल फुली आणि तिच्या आधीची निळी खूण शेजारी-शेजारी असतील, तर संशय कोणावर घ्यायचा हे पाच मिनिटांत कळते. याउलट, महिनोन्महिने काहीही नवे बसलेले नसताना फुल्या हळूहळू दाट होत गेल्या असतील, तर ड्रायव्हर बदलण्याच्या भानगडीत न पडता आधी उष्णतेकडे पाहावे.

निळ्या पडद्यावर कधीकधी एका फाइलचे नाव येते. ते 'एनव्ही' ने सुरू होत असेल तर ती एनव्हिडियाची, 'आयजीडी' ने सुरू होत असेल तर इंटेलची आणि 'एएमडी' किंवा 'एटीआय' ने सुरू होत असेल तर एएमडीची फाइल असते. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, त्यांच्या बाबतीत ही माहिती फार उपयोगाची ठरते. मात्र फाइलचे नाव आले म्हणजे ड्रायव्हरच दोषी, असे मानू नये, कारण तापलेल्या किंवा नादुरुस्त चिपच्या वतीने उत्तर देता न आल्यामुळेही तेच नाव येते.

याच टप्प्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, जाऊन २ सेकंदांची मर्यादा ८ किंवा १० सेकंदांपर्यंत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्रिमितीय चित्रांच्या रेंडरिंगसारखे काम करणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग असतो, कारण तिथे चिप अडकलेली नसून खरोखरच कामात असते. ब्राउझर उघडताना क्रॅश होणाऱ्या यंत्रावर मात्र या बदलाने एवढेच होते, की पडदा आधीपेक्षा जास्त वेळ गोठलेला राहतो.

पडद्यावरच्या रेषा पाहून चिपचे निदान करणे

रंगीत रेषा, चौकटी किंवा लुकलुक दिसली, की ग्राफिक्स चिप संपली असे धरून चालण्याची घाई होते. त्याआधी काही साध्या परीक्षा करून पाहाव्यात. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह येते तेव्हा किंवा बायोसच्या, म्हणजे विंडोजआधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या, पानावरच रेषा दिसत असतील, तर विंडोजचा ड्रायव्हर अजून सुरूही झालेला नसल्यामुळे तो निर्दोष आहे. विंडोजमध्ये रेषा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर पाठवून पाहावा. चित्रातही रेषा असतील, तर बिघाड चित्र तयार होतानाच झालेला आहे. चित्र स्वच्छ असेल आणि एचडीएमआय केबलने जोडलेल्या टीव्हीवरही सर्व व्यवस्थित दिसत असेल, तर दोष पॅनेलमध्ये किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. झाकण हळूहळू मागे-पुढे करताना विशिष्ट कोनातच लुकलुक होत असेल, तर संशय केबलवरच घ्यावा. ही केबल मदरबोर्डच्या तुलनेत अगदी स्वस्तात बदलून मिळते, आणि म्हणूनच ही तपासणी दुकानात जाण्यापूर्वी करणे महत्त्वाचे आहे.

सर्वांत नवा ड्रायव्हर म्हणजे सर्वांत चांगला, असे समजणे

जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होते. ग्राफिक्स कंपन्या ठरावीक काळानंतर जुन्या चिपसाठी ड्रायव्हर काढणे थांबवतात आणि त्या चिपसाठीची शेवटची आवृत्ती हाच तिचा योग्य ड्रायव्हर ठरतो. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीसाठी ३९१.३५ ही २०१८ मधील आवृत्ती, तर लॅपटॉपमधील केपलर पिढीसाठी ४२५.३१ ही २०१९ मधील आवृत्ती शेवटची मानली जाते. एएमडीने जीसीएन या पिढीपूर्वीच्या चिपना २०१५ मध्येच जुन्या यादीत टाकले. इंटेलने २०११ च्या सुमाराच्या एचडी ३००० साठी विंडोज १० चा स्वतंत्र ड्रायव्हर कधीच दिला नाही, त्यामुळे त्या यंत्रांवर विंडोज १० चालते खरे, परंतु ओपनजीएल ही चित्रे काढण्याची पद्धत वापरणारे काही प्रोग्रॅम उघडताच बंद पडतात, आणि तिथे वापरणारा कितीही वेळा फॉरमॅट करो, परिणाम तोच राहतो.

चिपच्या नावावरील आकड्यावरून तिची पिढी ओळखता येईल, असेही गृहीत धरू नये. जीफोर्स ८२०एम आणि ८४०एम ही नावे एकाच मालिकेतील वाटतात. प्रत्यक्षात ८२०एम ही जुन्या फर्मी पिढीची आणि ८४०एम ही तिच्यानंतर दोन पिढ्यांनी आलेल्या मॅक्सवेलची चिप आहे. म्हणून ड्रायव्हर डाउनलोड करण्यापूर्वी जीपीयू-झेडसारख्या मोफत साधनात चिपचे अंतर्गत नाव पाहावे आणि मगच आवृत्ती निवडावी.

ज्यांत इंटेलची अंगभूत आणि एनव्हिडिया किंवा एएमडीची स्वतंत्र अशा दोन चिप आहेत, त्या लॅपटॉपसाठी सुरुवात नेहमी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरील ड्रायव्हरपासून करावी, कारण दोन चिपमधील अदलाबदल, पडद्याची प्रकाशमात्रा आणि झोपेतून (स्लीप) जागे होणे या गोष्टी त्या विशिष्ट मॉडेलनुसार जुळवलेल्या असतात. विशेषतः २०११ ते २०१३ या काळातील इंटेल आणि एएमडीच्या जोडीवर सर्व मॉडेलसाठीचा सरसकट ड्रायव्हर चढवला, की काळा पडदा हमखास मिळतो. ड्रायव्हर आपोआप शोधून देणाऱ्या तिसऱ्याच कंपन्यांच्या प्रोग्रॅमपासून तर चार हात दूरच राहावे.

ड्रायव्हर बदलायचे ठरलेच, तर क्रम चुकवू नये. योग्य ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवावा, रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची खूण) बनवावा आणि इंटरनेट बंद करावे. इंटरनेट चालू राहिले तर जुना ड्रायव्हर काढताक्षणी विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवून मोकळे होते. त्यानंतर सेफ मोडमध्ये (विंडोजच्या कमीत कमी ड्रायव्हरवर चालणाऱ्या स्थितीत) जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने जुने अवशेष साफ करावेत. इथे एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो : डिस्क विंडोजच्या बिटलॉकर सुविधेने कुलूपबंद असेल, तर सेफ मोडमध्ये जाताना रिकव्हरी की मागितली जाऊ शकते आणि ती हाताशी नसेल तर ड्रायव्हरचा प्रश्न बाजूला राहून सगळी माहितीच अडकते. ही रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी.

बदल केल्यानंतर तपासणीसाठी 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करावे. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते, त्यामुळे बिघडलेली स्थितीही जशीच्या तशी परत येते. बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच क्रॅश होणाऱ्या यंत्रांवर फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करून पाहणे फायद्याचे ठरते.

बाहेरून जाळी पुसून सफाई झाली असे मानणे

लॅपटॉपच्या कडेची जाळी बाहेरून स्वच्छ दिसते आणि आत मात्र पंख्याचे तोंड आणि तांब्याच्या बारीक पत्र्या यांच्यामध्ये धुळीचा दाट थर साचलेला असतो. पंखा जोरात फिरतो, आवाज वाढतो, पण हवा बाहेर पडत नाही. हा थर खालचे झाकण उघडून, पंखा सोडवूनच निघतो. दाबाची हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते भन्नाट वेगाने फिरू दिले तर बेअरिंगचे नुकसान होते.

उष्णता कारण आहे की नाही, हे एचडब्ल्यूइन्फोसारख्या साधनाने तापमानाची नोंद चालू ठेवून ठरवावे. बहुतेक लॅपटॉप चिपची वरची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या घरात असते. व्हिडिओ किंवा खेळ सुरू करून वीस मिनिटांनी तापमान तिथे पोहोचते आणि नेमका तेव्हाच क्रॅश होत असेल, तर पुरावा पुरेसा आहे. ५५ अंशांवरच क्रॅश होत असेल, तर चिपची उष्णता हीटसिंककडे (थंड करणाऱ्या धातूच्या भागाकडे) नेणारी थर्मल पेस्ट बदलण्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. खोलीचे तापमानही जमेस धरावे लागते. मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूरला ४० अंशांच्या खोलीत चालणारा लॅपटॉप आणि तोच लॅपटॉप वातानुकूलित खोलीत, यांच्या चिपच्या तापमानात खोल्यांमधील फरकाएवढाच फरक पडतो. हिवाळ्यात न दिसणारा दोष उन्हाळ्यात अचानक उघडा पडतो तो यामुळे.

थर्मल पेस्ट बदलताना होणारी एक चूक दुकानांतही वारंवार घडते. मुख्य चिपवर पेस्ट असते, तर शेजारच्या मेमरी चिपवर मऊ थर्मल पॅड असतात, कारण तिथे हीटसिंक आणि चिप यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट असते. फाटलेला पॅड काढून टाकून त्याच्या जागी पेस्टच फासली, तर ती फट भरून निघत नाही आणि मेमरी चिप थंड होणे बंद होते. मग साधनात मुख्य चिपचे तापमान छान दिसते आणि क्रॅश मात्र आधीपेक्षा वाढतात. पॅड मूळच्याच जाडीचा आणावा. हीटसिंकवर स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. त्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा आवळत जावे.

सफाई होईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के ठेवता येते. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरवर त्यामुळे टर्बो बूस्ट (तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो, आणि पुष्कळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स चिप एकाच तांब्याच्या नळीने जोडलेले असल्यामुळे दोघांचेही तापमान उतरते.

रॅम आणि ब्राउझरकडे दुर्लक्ष करणे

अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच जागा घेते, त्यामुळे खराब रॅमचा दोष ग्राफिक्सचा क्रॅश म्हणून समोर येऊ शकतो. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे साधन रात्रभर चालवावे. कोकणपट्टीसारख्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर धरतो, म्हणून रॅम काढून, पट्ट्या हलक्या हाताने साफ करून पुन्हा बसवून पाहणेही योग्य.

क्रॅश फक्त व्हिडिओच्या वेळी होत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर किंवा ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करून पाहावे. इंटेलमध्ये व्हीपी९ या व्हिडिओ प्रकाराचे पूर्ण हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स चिपनेच व्हिडिओ उलगडणे) सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ चे अकराव्या पिढीपासून आले. त्याआधीच्या यंत्रांवर यूट्यूब याच प्रकारांत व्हिडिओ पाठवत असेल, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि यंत्र तापते. एच२६४ प्रकार सक्तीने मागणारे एक्स्टेन्शन वापरल्यास हा भार लक्षणीय कमी होतो.

हीटगन, ओव्हन आणि रीबॉलिंग

चिपच खरोखर बिघडली असेल, तर ती भाजून दुरुस्त करण्याचे व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करू नयेत. चिप बोर्डला जोडणारे शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळते. त्या तापमानाला प्लास्टिकचे कनेक्टर आणि कपॅसिटर खराब होऊ शकतात, आणि ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते त्यात सर्किट बोर्ड तापवणे आरोग्याच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. शिवाय दोष बहुतेक वेळा चिपच्या खालच्या मोठ्या सोल्डर गोळ्यांत नसतो. तो सिलिकॉन आणि त्याखालची पट्टी यांच्यामधील सूक्ष्म जोडांत असतो. एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये आपल्या काही लॅपटॉप चिपच्या आवेष्टनातील अशाच दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. ॲपलनेही २०११ मधील काही मॅकबुक प्रोच्या ग्राफिक्स बिघाडासाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना आणली होती. तापवल्यामुळे हे सूक्ष्म जोड काही आठवडे पुन्हा टेकतात आणि नंतर सुटतात. रीबॉलिंगमध्येही, म्हणजे चिप काढून तिचे सोल्डर गोळे बदलण्यातही, जुनीच चिप परत बसवली जाते, त्यामुळे तोच दोष तिच्यासोबत परत येतो. दुकानदाराला 'चिप नवी बसवणार की जुनीच रीबॉल करणार' हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर वॉरंटीच्या मुदतीसह बिलावर लिहून घ्यावे.

दोन चिपच्या लॅपटॉपमध्ये याहून चांगला मार्ग बहुधा उपलब्ध असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्वतंत्र चिपसमोर 'कोड ४३' ही बिघाडाची सूचना दिसत असेल किंवा क्रॅश तिच्याच नावावर नोंदले जात असतील, तर ती चिप तिथूनच 'डिसेबल' करावी. अंगभूत चिपला मात्र हात लावू नये, कारण बहुतेक मॉडेलमध्ये पडदा तिलाच जोडलेला असतो. खेळ आणि त्रिमितीय काम यापुढे जमणार नाही, पण लिखाण, हिशेब, व्हिडिओ आणि ऑनलाइन वर्ग यांना अंगभूत चिप पुरेशी असते. एखाद्या मोठ्या विंडोज अपडेटनंतर ती चिप पुन्हा चालू होऊ शकते, म्हणून अशा अपडेटनंतर डिव्हाइस मॅनेजर एकदा उघडून पाहावा आणि यंत्रातील महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर आधीच काढून ठेवावी.