दोन-तीन किलोचं कुत्रं सांभाळताना या चुका टाळा

सकाळपासून उड्या मारणारं पॉमेरेनियनचं किंवा चिवावाचं पिल्लू संध्याकाळी एकाएकी मान टाकतं, पाय लटपटतात, नजर शून्यात लागते. घरचे म्हणतात, दमलंय, झोपू द्या. हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. तीन-चार महिन्यांच्या आतल्या एवढ्याशा जिवाच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा जेमतेम असतो. पाच-सहा तास पोट रिकामं राहिलं, थंडी वाजली किंवा जुलाब झाले की रक्तातली साखर घसरते. बोटावर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी घेऊन हिरड्यांना चोळा, पिल्लू दुलईत गुंडाळा आणि डॉक्टरकडे निघा. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. असं होऊच नये म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्या, शेवटचं झोपण्याआधी.

मोठं झाल्यावर चूक उलटी होते. अडीच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 200 ते 220 कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी म्हणजे त्यातला निम्मा वाटा, चहाबरोबरची दोन ग्लुकोज बिस्किटं म्हणजे जवळजवळ पाव. ‘एवढंसं तर दिलं’ हे आजोबांचं वाक्य वजनकाट्याला ऐकू जात नाही. खाणं वाटीने नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. कांदेपोहे, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट मात्र चवीपुरतंही नको.

गळ्यातला पट्टा फक्त बिल्ल्यासाठी ठेवा, साखळी त्याला लावू नका. या जातींची श्वासनलिका मुळात नाजूक. ओढ बसली की तिच्या कुर्च्या दबतात आणि बदक ओरडल्यासारखा कोरडा ठसका लागतो. बरेच जण घशात हाड अडकलं समजून बोट घालतात. त्यापेक्षा ठसक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात गेल्यावर तो हमखास थांबतो. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, आत दोन बोटं सहज जातील इतका सैल.

चालता चालता मागचा एक पाय उचलून तीन पायांवर चार पावलं, मग पुन्हा ठीक? मुरगळला असेल म्हणून तेल चोळत बसू नका, गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स आणि दिवाणावरून मारलेल्या उड्या ती आणखी बिघडवतात. दिवाणाशी पायरी ठेवा, वावराच्या वाटेवर सतरंजी टाका, तळव्यांतले केस कापा.

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की पार्लरमध्ये झीरो कटसाठी रांग लागते. शिह त्झू जातीच्या कुत्र्याचे केस आखूड केले तर चालतं, पॉमेरेनियनचे मुळापासून काढू नका. त्याचा दुहेरी कोट, म्हणजे केसांचे वरचे आणि आतले दोन थर, पुन्हा नीट येईलच असं नाही आणि उघडी कातडी उन्हाने भाजते. फिरणं सकाळी सातच्या आत उरका. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. पावसाळ्यात पोटाखालचे केस ओले राहिले की खाज सुटते. टॉवेलने नुसतं पुसून भागत नाही, ड्रायरच्या कोमट झोताने मुळापर्यंत वाळवा आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा.

दातांकडे कोणी बघतच नाही. सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याला खेटून उभा असेल, तर तिथे अन्न अडकून हिरडी सडते. नसबंदीसाठी भूल देणारच असाल, तर डॉक्टरांना सांगून तो त्याच वेळी काढून घ्या.