इलेक्ट्रिक गाडीतला वाऱ्याचा आणि टायरचा आवाज: दारांना शीट चिकटवण्याआधी या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाडी शहरात खरोखरच शांत असते. तीस-चाळीसच्या वेगात मोटर जवळपास ऐकूच येत नाही. तीच गाडी मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेच्या काँक्रीटवर शंभराला नेली की मालक चक्रावतो. खालून घरघर येते, आरशापाशी वारा सळसळतो आणि मागच्या सीटवरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागतं. ‘आधीच्या पेट्रोल गाडीत एवढा आवाज नव्हता’ ही तक्रार मात्र अर्धीच खरी आहे. टायर आणि वारा तेव्हाही गाजतच होते, फक्त इंजिनाच्या गुरगुरीत ते दबून जायचे. इलेक्ट्रिक गाडी त्यात थोडी भरही घालते. बॅटरीमुळे गाडी जड होते, म्हणून टायर जास्त भार पेलणारा आणि कडक लागतो, आणि त्यात हवाही बहुधा जास्त असते.

मग गाडी ॲक्सेसरीच्या दुकानात जाते. तिथे चार दारं, फ्लोअर, छप्पर, बॉनेट असं ‘फुल डॅम्पिंग’चं, म्हणजे पत्र्याला आतून आवाज दाबणाऱ्या शीट चिकटवण्याचं, पॅकेज तयारच असतं. काम होतं, दार बंद करताना ‘धप्प’ असा भारदस्त आवाज येतो, मालक खूश होतो. पुढच्या आठवड्यात एक्सप्रेस-वेवर घरघर होती तशीच असते.

आवाज कुठला आहे हे न शोधता खर्च करणं

पैसे वाया जातात ते सर्वांत जास्त इथेच. गाडीत येणारे आवाज तीन जातींचे असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या कामी येत नाहीत.

वेग तोच ठेवून काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरी रस्त्यावर या. आवाज एकदम उतरला तर तो टायरचा. रस्ता बदलूनही फरक पडला नाही, पण मोकळ्या माळावर आडवा वारा लागला किंवा ट्रकला ओलांडताना आवाज बदलला, तर तो वाऱ्याचा. ॲक्सिलरेटरवरचा पाय दाबता-सोडताना जो बारीक, उंच सूर बदलतो तो मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा भाग) किंवा गिअरचा. त्याच्याशी घरी खेळू नये.

वेगाचा हिशोबही माहीत असलेला बरा. वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ८० वरून १०० ला गेलात की ती जवळजवळ चौपट होते, म्हणजे सुमारे ६ डेसिबलची वाढ. टायरचा आवाज इतक्या झपाट्याने चढत नाही. म्हणून शहरात आणि राज्य महामार्गांवर तक्रार बहुतेक टायरची असते, तर समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेला टेकलात की वारा पुढे निघतो. जो माणूस वर्षातून दोनदाच समृद्धीला लागतो, त्याने वाऱ्यामागे पैसे का घालावेत?

मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप तुलनेपुरतं ठीक आहे. फोन त्याच जागी, रस्ता तोच, वेग तोच, एसीचा पंखा बंद. पण ॲप बहुधा ‘ए’ मापनावर असतं (कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून ते कमी धरणारं मापन), आणि ते १०० हर्ट्झच्या घरघरीतून सुमारे १९ डेसिबल वजा करून दाखवतं. कान दुखवणारी घरघर आकड्यात दिसतच नाही ती यामुळे. ॲपमध्ये खालचे सूर फारसे न कापणारं ‘सी’ मापन असेल तर तेही नोंदवा.

टायरमध्ये जास्त हवा, आणि टायर निवडताना फक्त किंमत

रेंज (एका चार्जमधलं अंतर) वाढते म्हणून टायरमध्ये दोन-चार पीएसआय हवा जास्त भरायची सवय अनेकांना लागली आहे. रेंज किंचित वाढतेही. पण कडक टायर रस्त्याचा प्रत्येक सांधा जसाच्या तसा सस्पेन्शनकडे आणि तिथून बॉडीकडे पोचवतो, ओल्या रस्त्यावरची पकड जाते आणि टायर मधोमध झिजतो. चालकाच्या दारापाशी खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडाच खरा. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांचे आकडे वेगळे असतात. अनेकजण पाच माणसं आणि सामानासाठीचा दाब वर्षभर ठेवून एकटेच ऑफिसला जातात. हवा थंड टायरमध्ये तपासा. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पंपावर पोचलात की आकडा चढलेलाच दिसतो. आणि आवाज कमी व्हावा म्हणून स्टिकरच्या खाली जाऊ नका. जड गाडी, कमी हवा आणि उन्हात तापलेलं काँक्रीट एकत्र आलं की टायर फुटू शकतो.

टायर बदलायची वेळ आली असेल तर आवाजासाठीचा सर्वांत मोठा निर्णय तोच. यात तीन चुका नेहमी होतात. पहिली, स्वस्तातला किंवा उपलब्ध असलेला कमी लोड इंडेक्सचा (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) टायर टाकणं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या इंडेक्सच्या खाली जायचं नाही, आवाज कितीही कमी होणार असला तरी. दुसरी, दिसायला बरं म्हणून मोठं अलॉय आणि रुंद, बुटका टायर. बाजूची भिंत जितकी कमी तितका गादीचा भाग कमी, आणि रुंदी वाढली की आवाजही वाढतो. तिसरी, युरोपियन लेबलवरचा डेसिबलचा आकडा बघून ‘हा शांत’ असं ठरवणं. तो आकडा गाडी शेजारून जाताना बाहेर उभ्या माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाचा असतो. आत किती शिरेल हे त्यावरून नेमकं कळत नाही. तुमच्याच मॉडेलला तो टायर टाकलेला मालक सापडला तर त्याच्या गाडीत बसून बघणं जास्त उपयोगाचं.

आतून स्पंजचा पट्टा चिकटवलेले टायर मिळतात: मिशलिनचे अकॉस्टिक, कॉन्टिनेंटलचे कॉन्टिसायलेंट वगैरे. टायरच्या पोकळीतली हवा स्वतःच एका ठरावीक सुरात गुंजते. २१५/६० आर १६ मापाच्या टायरमध्ये हा सूर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास येतो. खड्डा किंवा सांधा ओलांडताना ‘डुंग’ असा पोकळ आवाज येतो तो हा. स्पंज त्यालाच शोषतो. खडबडीत काँक्रीटची घरघर किंवा वाऱ्याची सळसळ त्याने फारशी जात नाही, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. पंक्चर काढताना त्या जागचा स्पंज कापावा लागतो. तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला पंक्चर काढणाऱ्याला हे आधी सांगितलं नाही तर तो बाहेरून सुई घालून मोकळा होईल. बाहेरून ओतायची पंक्चर-जेल अशा टायरमध्ये पुस्तिकेत परवानगी असल्याशिवाय वापरू नये.

टायर जुनेच असतील तर झीज हाताने बघा. ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, तळवा एका दिशेने फिरवा, मग उलट. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं तर नक्षीचे ठोकळे तिरके झिजले आहेत. हे टायर वेगाबरोबर चढणारा घुमा आवाज काढतात. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे फिरवा. पण एकदा करवत बसली की अलाइनमेंटने आवाज लगेच जात नाही.

असाच घुमा आवाज व्हील बेअरिंगचाही असतो. साठच्या वेगात मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे घ्या. एका बाजूला वळताना आवाज वाढला आणि दुसरीकडे कमी झाला तर संशय बेअरिंगवर. अशा गाडीला डॅम्पिंग करून आवाज दाबणं म्हणजे धोका झाकणं.

रेन वायझर आणि कॅरिअर विसरणं

डिलिव्हरीच्या दिवशीच शोरूममध्ये खिडक्यांच्या वर लावलेले वायझर (पाऊस अडवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या) गाडीचा भाग असल्यासारखे वाटू लागतात. पावसात काच बोटभर उघडी ठेवायची सोय म्हणून ते घेतलेले असतात. पण पुढच्या खांबावरून आणि आरशावरून सुटणारा वारा भोवरे करत नेमका चालकाच्या कानाजवळच्या काचेवर आदळतो, आणि वायझर तिथेच आणखी एक कडा उभी करतो. इलेक्ट्रिक गाडीत एसी लावून काचा बंदच ठेवणाऱ्यांनी ते एकदा काढून बघावेत. माझ्या मते महामार्गावर वारा जाणवत असेल तर पहिली कृती हीच, आणि ती फुकट आहे. टपावरच्या कॅरिअरच्या आडव्या पट्ट्या सामान नसताना उतरवून ठेवा. पट्टी ठरावीक वेगाला शिट्टी घालते.

वाऱ्याची फट शोधायला साधी मास्किंग टेप पुरते. एका दाराभोवतीची फट, आरशाचं बूड, पुढच्या काचेची कड, छपराची पट्टी असं बाहेरून टेपने बंद करा. चालकाचं दार, कॅमेरे आणि सेन्सर मोकळे ठेवा. दुसऱ्याला चालवायला द्या, स्वतः ऐका. आवाज गेला तर एकेक टेप काढत जा. ज्या टेपनंतर तो परत आला तिथे काम आहे.

दिसेल तिथे रबराची पट्टी

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘डी’ आणि ‘पी’ आकाराच्या पट्ट्या चारही दारांना लावल्या की दार आपटावं लागतं. मूळ रबर नीट दबत नाही, आणि कधीकधी आधी नसलेली फट तयार होते. आधी कागदाची चाचणी घ्या. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा अडसर लागला पाहिजे. जिथे कागद सहज निसटतो तिथे रबर चपटं झालंय किंवा दार बाहेर राहतंय. दाराच्या कुलपाचा खांबावरचा कडा थोडा आत सरकवूनही हे सुटतं, ते काम पाच-दहा मिनिटांचं आहे. रबर ओल्या कपड्याने पुसा, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. खोबरेल किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात, ती कुठल्याही पट्टीखाली जाऊ देऊ नका. कोकणातला एक पावसाळा पुरेल दार आतून गंजायला. मागच्या बंपरच्या आत, बॉडीला, हवा बाहेर जायच्या झडपा असतात. ‘इथून आवाज येतो’ म्हणून त्या बुजवणारेही आहेत. मग दार लागत नाही आणि एसीचा झोत मंदावतो.

दगड लागून पुढची काच बदलली असेल आणि आवाज त्यानंतर सुरू झाला असेल, तर आधी तिथेच बघा. मूळ काच आवाज अडवणाऱ्या मधल्या थराची असेल आणि नवी साधी बसवली असेल, किंवा कडेची पट्टी उचलली असेल. काचेवरच्या फिल्मने आवाज कमी होतो हा निव्वळ विक्रीचा बोल.

डॅम्पिंग करायचंच असेल तर

ब्युटाइल शीटचं (दुकानात पत्र्याला चिकटवतात ती रबरी शीट) काम पत्र्याची थरथर थांबवणं एवढंच. हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, आणि पडद्याचं वजन दुप्पट केलं तेव्हा कुठे सुमारे ६ डेसिबल उतरतात. म्हणून सगळा पत्रा झाकण्यात अर्थ नाही. बोटाच्या पेराने ठोका. पत्रा घंटेसारखा वाजतो तिथे मधोमध शीट लावा, साधारण पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. डांबरी शीट स्वस्त म्हणून घेऊ नका. विदर्भाच्या मे महिन्यात दारातून डांबराचा वास येतो आणि ती सुटते.

इलेक्ट्रिक गाडीत बॉनेटखाली इंजिनच नाही, त्यामुळे तिथला खर्च रस्त्याच्या आवाजासाठी वाया. फायदा होतो तो चाकांवरच्या कमानींत आणि डिकीत. हॅचबॅक आणि एसयूव्हीत डिकी ही केबिनचाच भाग, आणि मागच्या टायरचा आवाज तिथून थेट डोक्यामागे येतो. चाकामागचं प्लास्टिक लायनर काढून पत्र्याच्या बाजूला ब्युटाइल, वर पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम. उघडा स्पंज किंवा साधं फेल्ट तिथे घातलं तर ते चार महिने ओलंच राहील.

फ्लोअरच्या बाबतीत मात्र हात आवरा. खाली बॅटरी आहे. तिथे ड्रिल, स्क्रू, रिव्हेट काहीही चालत नाही. नारिंगी वेष्टणाच्या, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या, वायर दिसल्या की काम तिथेच थांबवायचं. बॅटरीच्या खोक्यावर रबर-कोटिंग फवारून घेऊ नका. खोक्यावर हवेच्या दाबासाठी झडपा असतात, त्या बुजू शकतात, आणि बॅटरीची वॉरंटी नाकारायला कंपनीच्या हाती कारण मिळतं. काम देण्याआधी दुकानदाराला विचारा, याच मॉडेलची दारं त्याने आधी उघडली आहेत का. क्लिप तुटल्या की नव्या खडखडाटाची सोय होते.

खडखडाटावरून आठवलं: गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकची सपाट झाकणं असतात. सर्व्हिसला ती काढली आणि दोन-चार क्लिप परत लावल्याच नाहीत, की ऐंशीच्या पुढे ती फडफडतात आणि खालून गुरगुर येते. मालक टायरला दोष देत राहतो. सर्व्हिसनंतर आवाज वाढला असेल तर गाडी परत लिफ्टवर घ्यायला सांगा, समोर उभं राहून प्रत्येक क्लिप हाताने ओढून बघा. त्याच वेळी चाकामागच्या लायनरचे स्क्रूही तपासून घ्या.