कागद फाटतोय? आधी दाबावरचा हात काढा

कागद कापायचं मशीन घरी येऊन पंधरा दिवस झाले की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्डस्टॉकचे (जाड कार्डाच्या कागदाचे) कोपरे फाटतात, दाब किती ठेवू? क्रिकट असो, सिल्हूट कॅमिओ असो की ब्रदरचं स्कॅन-एन-कट, प्रश्न तोच. उत्तरही तयारच असतं: दाब वाढवा, दोनदा कापा. हा सल्ला ज्यानं पहिल्यांदा दिला, त्याच्यापायी किती मॅट (कापताना कागद धरून ठेवणाऱ्या चिकट शीट) वाया गेल्या असतील देव जाणे.

या मशीनमधलं पातं ओढत नेलं जातं. त्याचं टोक दांड्याच्या बरोबर मध्यावर नसतं, केसभर बाजूला असतं. त्यामुळे मशीन ज्या दिशेला जाईल तिकडे पातं आपसूक वळतं. सरळ रेषेत किंवा मोठ्या वळणावर काहीच अडत नाही. टोकदार कोपऱ्यावर मात्र पात्याला कागदात रुतलेलं असतानाच जागच्या जागी फिरावं लागतं आणि फिरताना ते कागदाला बाजूला ढकलतं. कागद मॅटला घट्ट बसलेला असेल तर पातं वळून पुढे जातं. किंचितही सुटलेला असेल तर पात्याऐवजी कागदच सरकतो, वर येतो आणि फाटतो. अशा वेळी दाब वाढवला तर पातं आणखी खोल रुतणार, वळायला जड जाणार आणि कागदाला अधिकच ओढणार. वर आरपार जाऊन मॅटवर चरे पाडणार ते वेगळंच. चऱ्यांमध्ये कागदाचे तंतू बसतात, तिथला चिकटपणा जातो आणि पुढचा कागद आणखी सैल बसतो. मग पुन्हा दाब. महिनाभरात मॅट बाद, पातं बोथट, आणि वर 'मशीनच खराब निघालं' म्हणायला आपण मोकळे.

म्हणून दाबाचं बटण सगळ्यात शेवटी. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर दोन सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यात एक त्रिकोण कापा आणि तो तुकडा उजेडाकडे धरून बघा. कोपरा वर आलेला आणि सुरकुतलेला दिसला तर दोष पकडीचा. कागद जागचा हललेला नाही, पण कड केसाळ आली, तर पातं बोथट आहे किंवा कागदानं दमट हवा घेतली आहे. रेषेची सुरुवात आणि शेवट जुळत नसतील तर पात्याच्या टोपणात कागदाचा भुगा अडकला असेल किंवा कागद सरकला असेल. कॅमिओवर ओव्हरकट (कोपऱ्यापुढे रेषा किंचित जास्त कापायची सोय) बंद राहिलं तरी कोपरे अर्धवट सुटतात, तेही तपासा. मॅटच्या एकाच भागात कापलं जात नसेल तर तेवढा भाग झिजलाय, कागद दुसरीकडे लावा. आणि सगळीकडे एकसारखं वरवर कापलंय, काहीही उचललेलं नाही, असं दिसलं तरच दाब किंवा पात्याची खोली वाढवा. तीही एकेक पायरीनं, दोन्ही एकदम नाही. कॅमिओवर २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) कार्डला खोली ३ किंवा ४ आणि फोर्स म्हणजे दाब २० च्या आसपास धरून सुरुवात केली तर वर जायला जागा राहते. क्रिकटवर आधी 'मीडियम कार्डस्टॉक' नेहमीच्या दाबावर, आणि गती कमी करता येत असेल तर ती कमी करा. बारीक नक्षीला कमी गती जितकी मदत करते तितकं दुसरं काहीच करत नाही.

पकड सुधारायला खर्च लागत नाही. क्रिकटच्या मॅट असतील तर १०० जीएसएमच्या आतला पातळ कागद निळ्या मॅटवर, १८० ते ३०० चं कार्ड हिरव्यावर, जाड बोर्ड आणि ग्लिटर शीट जांभळ्यावर. कागद लावल्यावर नुसता हात फिरवून भागत नाही, रबरी रोलर मधून कडेकडे दाबत फिरवा. कडांना मास्किंग टेप लावली तर उत्तम. कोरी हिरवी मॅट उलट फार चिकट असते, तिच्यावर सुती कापड दोन-चार वेळा थोपटून मग वापरा. मॅट मळली की कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, मऊ ब्रशनं गोल गोल, आणि पंख्याखाली वाळवणं. उन्हात ठेवायची नाही, ती वाकते. बऱ्याच 'मेलेल्या' मॅट या एका आंघोळीत जिवंत होतात, त्यामुळे लगेच नवी मागवू नका.

कापून झाल्यावर कागद मॅटवरून सोलून काढणं ही दुसरी खोड. त्यानं प्रत्येक तुकडा गोल वळतो. मॅट पालथी घाला, कागद टेबलाला टेकलेला राहू द्या आणि मॅट वाकवत त्याच्यावरून सोला. कागद सपाट राहतो. नाजूक भागापाशी खालून स्पॅट्युला सरकवा. पात्याचा भुगा काढायला ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करून त्यात पात्याचं टोक पंधरा-वीस वेळा खुपसा. आणि कागदाचं पातं वेगळं, विनाइलचं वेगळं. कागद पात्याची धार झपाट्यानं खातो. ग्लिटर शीट तर त्याहून वाईट. ती पालथी लावून, डिझाइन आरशासारखं उलटं करून मागच्या बाजूनं कापा.

नाशकाच्या हवेचं गणित वेगळं सांगायला हवं, कारण बाहेरच्या व्हिडिओत ते सापडत नाही. जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेलं कार्ड ओल धरतं, मऊ पडतं, कड केसाळ येते. तेच कार्ड एप्रिल-मेमध्ये इतकं कोरडं होतं की घडीवर तडकतं आणि मॅटवर कडा वर करून बसतं. म्हणजे जुलैमध्ये जमवलेली सेटिंग मेमध्ये चालेलच असं नाही. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडवा ठेवा. उभा ठेवलात तर तो कायमचा बाक धरतो. पावसाळ्यात वीज जाणार हे धरून चाला. कापताना वीज गेली की मशीन आपली जागा विसरतं आणि तो कागद वाया जातो. कॉम्प्युटरला लावतात तसला छोटा यूपीएस पुरतो.

कागद खरेदीत सुटे ए-फोर पॅक घेणं म्हणजे जास्त पैसे मोजणं. घाऊक दुकानात २० × ३० इंचाची मोठी शीट मागा आणि तिथेच कटिंग करून घ्या. पण कसं कापायचं ते तुम्ही सांगा, कारण इथे कागदाचा ग्रेन येतो. गिरणीत बनलेल्या कागदाचे तंतू बहुतांश एकाच दिशेनं पडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी सुबक पडते, आडवी घातली की रंग फुटून पांढरी रेघ दिसते. ५ × ७ इंचाच्या दुमडत्या कार्डाला १० × ७ चा तुकडा लागतो. २० इंचाच्या बाजूवर १० चे दोन आणि ३० च्या बाजूवर ७ चे चार असे आठ तुकडे निघतात. उलट मांडणी केली तर सहाच. मोठी शीट बहुतेकदा लांब बाजूच्या ग्रेनची असते, म्हणजे आठ तुकड्यांच्या मांडणीत घडीही ग्रेनच्या दिशेनंच येते. तरी खात्री करा: शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकेल ती घडीची बाजू. हे ज्ञान जुन्या नाशकातल्या छापखान्यात कटिंग मशीनवर बसणाऱ्या माणसाकडे आयुष्यभराचं असतं. दोन दिवसांच्या महागड्या वर्कशॉपपेक्षा त्याच्याकडे अर्धा तास उभं राहिलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्कशॉपमध्ये कागद आधीच कापून आणलेला असतो, आणि शिकायचं नेमकं तेच असतं.

हातकागदाचा मोह सगळ्यांना होतो. पुण्याच्या हँडमेड पेपर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणचा सुती चिंध्यांचा कागद दिसतोच तसा. पण त्याचे तंतू लांब, जाडी सगळीकडे सारखी नाही, आणि घट्ट मॅटवरून काढताना त्याचा एक पापुद्राच मागे राहतो. बारीक जाळी त्यावर कापायला जाऊ नका. पाया हातकागदाचा ठेवा आणि नक्षी गुळगुळीत २०० जीएसएम कार्डातून कापून वर चिकटवा. मोठी पानं, पाकळ्या कापायच्याच असतील तर मध्यम चिकट, थोडी वापरलेली मॅट, चारी बाजूंनी टेप, आणि कमी दाबानं दोनदा.

आता देवनागरी. इंग्रजी 'हॅपी बर्थडे' पहिल्या दिवशी जमतं आणि 'शुभेच्छा' आठवडाभर छळते. क्रिकटच्या डिझाइन स्पेस या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं तर जोडाक्षरं कधी फुटतात, वेलांट्या हलतात. श्री-लिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला जुना मजकूर तर तिथे टाकूच नका. इंकस्केप हे चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर उघडा, मुक्ता किंवा बालूसारखा जाड युनिकोड फॉन्ट घ्या (दोन्ही फुकट आणि व्यवसायाला मोकळे), ऑब्जेक्ट टू पाथ करा (अक्षरांच्या रेषा होतात), अनग्रुप करा, मग युनियन (सगळे आकार एकत्र जोडणं). युनियन राहिलं तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर जिथे चढते तिथे पातं कापत जातं आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. आउटलाइन दृश्यात बघा: शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ राहता कामा नये. मग एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) करून न्या. सिल्हूट स्टुडिओच्या मोफत आवृत्तीत एसव्हीजी उघडत नाही, तिथे डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारची फाइल लागते.

युनियन करूनही एक गोष्ट अडते. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरची रेघ बऱ्याच फॉन्टांत डावीकडे तुटलेली असते. त्यामुळे 'शुभविवाह' कापलं की 'शु' वेगळा आणि 'भविवाह' वेगळा निघतो. 'अभिनंदन'मधलं अनुस्वाराचं टिंब तर मॅटवरच राहतं किंवा केर काढताना जातं. टिंब खाली सरकवून शिरोरेषेला टेकवा, दिसायला वावगं वाटत नाही. तुटलेल्या अक्षरांसाठी ऑफसेट वापरा: शब्दाभोवती अडीच-तीन मिलिमीटरची बाह्यरेषा काढून ती दुसऱ्या रंगात कापा आणि तिच्यावर अक्षरं बसवा. सगळं एकत्र राहतं आणि अक्षर उठूनही दिसतं. कार्डस्टॉकमध्ये कुठलाही भाग दीड मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. उकाराची शेपटी आणि रफार पहिले जातात, त्यामुळे शब्द लहान करताना तेच मोजा.

काळारामाचं शिखर, गोदाघाटाच्या पायऱ्या यांची कार्डं इथे छान खपतात, पण फोटोवरून ऑटो-ट्रेस केलेली (सॉफ्टवेअरनं आपोआप रेषा काढलेली) फाइल सरळ मशीनला देऊ नका. त्यात शेकडो फालतू बिंदू असतात आणि पातं प्रत्येक बिंदूवर अडखळतं. इंकस्केपमध्ये सिम्प्लिफाय करा, नाहीतर चित्रावरून हातानं रेषा ओढा. हातानं ओढलेली बरी. 'पाच हजार डिझाइन फुकट' असल्या गठ्ठ्यांमध्ये बहुतेक असलाच माल असतो, आणि त्यातलं किती विकायला परवानगीचं आहे ते गठ्ठा पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं.

घडीची रेघ स्कोअर (न कापता नुसती दाबायची रेघ) म्हणून दिली की ती मुख्य आकाराला 'अटॅच' करायची, नाहीतर मशीन ती दुसरीकडेच कुठेतरी मारतं. छापून कापायचं असेल तर बिनचकाकीचा (मॅट फिनिश) कागद घ्या. चकचकीत कागदावर छापलेल्या जागा ओळखायच्या खुणा मशीनच्या सेन्सरला उजेडामुळे दिसत नाहीत. तोच घ्यायचा असेल तर खुणांवर धूसर पारदर्शक टेप चिकटवा. चिकटवायला फेविकॉल पातळ थरानं आणि फक्त कडांना, नाहीतर कार्ड लाटा धरतं.

राहता राहिला धंदा. तुळशीच्या लग्नानंतर कुणीतरी 'घरच्या घरी शंभर पत्रिका' असं हसत हसत सांगेल. हो म्हणण्यापूर्वी वेळ मोजा. जाळीच्या एका पत्रिकेला मशीनला सात मिनिटं लागली तर शंभरांना सातशे मिनिटं, म्हणजे जवळजवळ बारा तास, आणि यात मॅट लावणं, सोलणं, बारीक तुकडे काढणं, चिकटवणं धरलेलंच नाही. वीस-पंचवीसपर्यंत मशीन ठीक. त्यापुढे नमुना मशीनवर करा, तो पसंत करून घ्या आणि बाकी काम डाय-कटिंगवाल्याकडे (पात्यांच्या साच्यानं दाबून कापणाऱ्याकडे) द्या. लेझरवाला पटकन करून देईल, पण फिकट कागदाच्या कडा तपकिरी जळतात, ते ग्राहकाला आधीच दाखवा. डायवाल्याला फाइल देताना तिच्यात शंभर मिलिमीटरची एक सरळ रेघ टाकून ठेवा आणि त्याच्या स्क्रीनवर ती शंभरच भरते का ते तिथेच मोजून घ्या. एसव्हीजीचं डीएक्सएफ करताना माप बदलू शकतं, आणि लाकडात पट्टी बसवलेली डाय नंतर ताणता येत नाही.