व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी) हरणांच्या माजाची तारीख आपल्या काउंटीपुरती (जिल्ह्यापुरती) कशी काढायची

शिकारीसाठी रजा कुठल्या आठवड्यात टाकायची, या प्रश्नाला डोळे झाकून 'नोव्हेंबर' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तो बहुधा अमेरिकेच्या उत्तरेतलाच असतो.

विस्कॉन्सिन, आयोवा, ओहायो, पेनसिल्व्हेनिया इथे काम सोपं. माज ठरतो तो दिवस लहान होत जातो त्यावर, आणि बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास फळतात, दरवर्षी. चंद्राच्या कलांवरून माज सांगणारी कोष्टकं फेकून द्या. उकाड्यात नर दिवसा कमी फिरतात, पण म्हणून तारीख सरकत नाही.

दक्षिणेत मात्र हा हिशेब कोलमडतो. तिथला हिवाळा सौम्य, त्यामुळे उशिरा जन्मलेलं पाडसही तगतं. शिवाय विसाव्या शतकात बाहेरून आणून सोडलेल्या हरणांचे वंशज काही भागांत अजून आपलंच वेळापत्रक पाळतात. अलाबामात बऱ्याच ठिकाणी माज जानेवारीत, तर काही पट्ट्यांत नोव्हेंबरमध्येच. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला ऐन उन्हाळ्यात, पश्चिमेकडच्या पॅनहँडलमध्ये (राज्याच्या चिंचोळ्या पट्टीत) फेब्रुवारीपर्यंत. 'टेक्ससमध्ये माज कधी?' हा प्रश्नच चुकीचा: मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याजवळ तो सप्टेंबरअखेर भरात येतो, हिल कंट्रीत (मध्य टेक्ससच्या डोंगराळ भागात) नोव्हेंबरात, दक्षिण टेक्ससात डिसेंबरच्या मध्याला.

म्हणून आधी राज्याच्या वन्यजीव खात्याचा नकाशा बघा. खात्याचे जीवशास्त्रज्ञ माद्यांच्या पोटातल्या गर्भाची लांबी मोजून त्या कधी फळल्या ते काढतात. कुणाच्या मचाणावरच्या गप्पांपेक्षा हे शंभरपट खात्रीचं.

नकाशा नसेल तर पाडसांवरून उलटं मोजा. गर्भकाळ सुमारे 200 दिवसांचा. 1 जूनला जन्म म्हणजे मादी 13 नोव्हेंबरच्या सुमारास फळली; 1 ऑगस्टला जन्म म्हणजे 13 जानेवारीच्या. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पाडसं पहिले काही आठवडे गवतात दडून असतात. आईमागे चालताना दिसलं तो दिवस जन्माचा धरलात, तर तारीख तेवढीच पुढे जाईल. ठिपके तीन-चार महिन्यांत जातात. ऑक्टोबरअखेर ठिपक्यांची पाडसं बरीच दिसली, तर त्या भागातला माज डिसेंबर-जानेवारीतला समजा. एकाच पाडसावरून मात्र काही ठरवू नका. पहिल्या खेपेला न फळलेली मादी साधारण 28 दिवसांनी पुन्हा माजावर येते, ते पाडू त्यातलंही असू शकतं.

तारीख मिळाली की रजा त्या दिवसाची नको, आधीच्या आठवड्याची टाका. ऐन भरात मोठा नर एकेका मादीला धरून झाडीत बसतो आणि जागचा हलत नाही. त्याआधी तो माद्या हुंगत दिवसाउजेडी भटकतो. मचाण बांधायचं ते माद्यांच्या चरण्या-बसण्याच्या जागांमधल्या वाटेवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.