बिनशंखाच्या गोगलगायीचे निरीक्षण आणि वर्णन कसे करावे

मुंबईत पाऊस स्थिरावला की सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर, कुंड्यांखाली आणि ओल्या लाद्यांवर रात्री व पहाटे एक काळपट, चपटा, कातड्याच्या तुकड्यासारखा जीव सरपटताना दिसतो. अनेक जण त्याला जळू समजून त्यावर मीठ टाकतात. जळू दोन्ही टोकांच्या चूषकांनी धरत, अंगाची कमान करीत पुढे जाते. हा जीव मात्र चिकट माग सोडत संथपणे सरकतो. ही शंख नसलेली गोगलगाय, म्हणजेच स्लग. शहरात नेहमी दिसणारी लेव्हिकॉलिस अल्टे ही मूळची आफ्रिकेतील जाती व्हेरोनिसेलिडी या कुळातील आहे.

तयारी फार लागत नाही. काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, भिंग, बॅटरी, वही आणि रबरी हातमोजे एवढे पुरते. हातमोजे मात्र टाळू नयेत, कारण उंदरांच्या फुप्फुसांत राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या या प्राण्यांच्या शरीरात असू शकतात आणि त्या पोटात गेल्यास माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. हाताळणी संपल्यावर हात साबणाने धुवावेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात निरीक्षण करायचे असल्यास प्राणी तेथून उचलून आणू नये. जागेवरच छायाचित्रे घ्यावीत.

प्रथम पाठ पाहावी. प्रावार, म्हणजे अंगावरचे मांसल आवरण, कोठपर्यंत पोहोचते ते नोंदवावे. पुष्कळ स्लगांमध्ये ते पाठीच्या पुढच्या भागापुरतेच असते आणि त्याच्या उजव्या कडेला श्वासरंध्र उघडमीट करताना दिसते. पश्चिम घाटातील मारिएला दुसुमिएरी या स्लगमध्ये प्रावार बराच मोठा असतो, तरी शेपटीचा भाग उघडा राहतो. व्हेरोनिसेलिडी कुळात मात्र संपूर्ण पाठच आच्छादलेली असते आणि उजव्या बाजूचे ते रंध्र सापडत नाही. लेव्हिकॉलिसच्या पाठीवर बारीक पुटकुळ्या असतात आणि मधोमध एक फिकट रेषा जाते.

त्यानंतर डोके. ते प्रावाराच्या कडेखाली दडलेले असल्याने प्राणी निर्धास्त होऊन चालू लागेपर्यंत थांबावे. टोचून किंवा पाणी ओतून घाई केल्यास तो अंग आक्रसून गोल होतो आणि मग बराच वेळ काहीच दिसत नाही. वरच्या दोन शृंगिकांच्या, म्हणजे डोक्यावरच्या मऊ शिंगांसारख्या स्पर्शकांच्या, टोकांवर डोळे असतात, तर खालच्या दोन आखूड शृंगिकांची टोके दुभंगलेली असतात. लेव्हिकॉलिसच्या शृंगिका जेमतेम 2 ते 3 मिमी लांबीच्या असून प्रावाराच्या कडेबाहेर क्वचितच येतात, म्हणून येथे भिंगाशिवाय काम भागत नाही.

खरी ओळख पटते ती पोटाकडून, आणि बहुतेक हौशी नोंदींमध्ये नेमकी हीच बाजू गळलेली असते. प्राण्याला काचेवर चालू द्यावे, काच अलगद उचलावी आणि खालून बॅटरीच्या उजेडात पाहावे. मध्यभागी आडव्या बारीक चुण्या असलेला पाद, म्हणजे ज्यावर प्राणी सरकतो तो मांसल तळवा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रावाराचाच खाली वळलेला रुंद पट्टा दिसतो. पूर्ण वाढलेल्या लेव्हिकॉलिसचे शरीर 7 ते 8 सेमी लांब असूनही पादाची रुंदी अवघी 4 ते 5 मिमी भरते. पिल्लांत ती सुमारे 1 मिमी असते. हे माप काचेखाली पट्टी धरून घ्यावे. गुदद्वार शरीराच्या मागच्या टोकाशी असते. हे प्राणी उभयलिंगी असून मादी जननरंध्र उजव्या पट्ट्यावर साधारण मध्याजवळ, तर नर जननरंध्र पुढे डोक्याजवळ असते. जिवंत प्राण्यात ही रंध्रे दिसलीच नाहीत, तर तसे स्पष्ट लिहावे. पुस्तकातील आकृती पाहून जागा भरू नये.

लांबी प्राणी पूर्ण ताणून चालत असतानाच मोजावी. रंग लिहिताना नुसते ‘काळा’ न म्हणता पाठ, कडा आणि पाद यांचे रंग वेगवेगळे नोंदवावेत, शिवाय ठिकाण, तारीख, वेळ आणि पाऊस पडून गेला होता की नाही हेही लिहावे. छायाचित्रे पाठीची, पोटाची आणि डोक्याची अशी तिन्ही असावीत, आणि प्रत्येकात पट्टी दिसावी.

नाव देताना हात आखडता घ्यावा. या कुळातील पुष्कळ जाती बाहेरून सारख्याच दिसतात आणि त्यांचा निवाडा जननेंद्रियांचे विच्छेदन करूनच होतो. पाद अरुंद व पाठीवर फिकट रेषा असल्यास ‘बहुधा लेव्हिकॉलिस अल्टे’ असे लिहावे. अन्यथा ‘व्हेरोनिसेलिडी कुळ, जाती अनिश्चित’ एवढी नोंद पुरेशी आहे.