घरच्या घरी थर्मल कॅमेरा तयार करताना
साध्या कॅमेऱ्यातील अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण अडवणारा फिल्टर काढला की थर्मल कॅमेरा, म्हणजे तापमान चित्ररूपात दाखवणारा कॅमेरा, तयार होतो, हा समज प्रथम बाजूला ठेवावा. सिलिकॉनच्या संवेदकाला साधारण १.१ मायक्रोमीटरपर्यंतचाच प्रकाश जाणवतो, तर सामान्य तापमानाच्या भिंती आणि माणसे मुख्यतः १० मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त लहरी उत्सर्जित करतात. त्यामुळे त्या लहरींसाठीच बनवलेला सेन्सर घेणे अटळ आहे.

नवशिक्यासमोर मुख्यतः दोन पर्याय असतात. एएमजी८८३३ मध्ये ८ × ८, म्हणजे केवळ ६४ बिंदू असतात. तो हाताळायला सोपा असला तरी त्यातून वस्तूचा आकार फारसा कळत नाही. एमएलएक्स९०६४० मध्ये ३२ × २४, म्हणजे ७६८ बिंदू असतात, आणि माझ्या मते थोडा अधिक खर्च करून हाच घ्यावा. त्याच्या ५५ अंश आणि ११० अंश दृष्टिक्षेत्राच्या दोन आवृत्त्या मिळतात. ५५ अंशांच्या आवृत्तीत एक मीटर अंतरावर प्रत्येक बिंदू सुमारे ३ सेंटिमीटरचा भाग व्यापतो, म्हणून सर्किटवरील बारीक भाग तपासायचा असेल तर कॅमेरा बराच जवळ न्यावा लागतो.

सेन्सरचे आकडे वाचणारा मायक्रोकंट्रोलर (छोटा संगणक-बोर्ड) म्हणून ईएसपी३२ योग्य ठरतो. आर्डुइनो उनोची २ किलोबाइट रॅम येथे पुरत नाही, कारण ७६८ तापमाने दशांश संख्यांच्या स्वरूपात साठवायलाच ३ किलोबाइट लागतात, आणि सेन्सरमधील कॅलिब्रेशनची (मोजमाप अचूक करण्यासाठीची) माहिती त्याहून वेगळी असते. जोडणी चार तारांची आहे: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए (माहितीची तार) आणि एससीएल (घड्याळ-संकेताची तार). तारा आखूड ठेवाव्यात. आय-टू-सी स्कॅनर (या तारांवर जोडलेली उपकरणे शोधणारा छोटा प्रोग्राम) चालवल्यावर ०x३३ हा पत्ता दिसला, तरच पुढे जावे.

पडदा जोडण्यापूर्वी संगणकाच्या सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) नुसते आकडे पाहावेत, सेन्सरसमोर तळहात धरावा आणि आकडे कुठे वाढतात ते निरखावे, कारण चित्र आरशासारखे उलटे येत असेल तर ते येथेच लक्षात येते. हा सेन्सर प्रत्येक वाचनात बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक बिंदू मोजतो, त्यामुळे पूर्ण चित्रासाठी दोन वाचने लागतात. वेग ८ हर्ट्झ ठेवल्यास सेकंदाला चार पूर्ण चित्रे मिळतात. वेग वाढवला की आकड्यांतील थरथरही वाढते.

त्यानंतर आयएलआय९३४१ या चिपवर चालणारा रंगीत पडदा एसपीआय या जोडणी-पद्धतीने जोडून प्रत्येक तापमानाला रंग द्यावा. मधले बिंदू गणिताने भरल्यास चित्र गुळगुळीत दिसते, पण त्यातून नवी माहिती येत नाही. रंगपट्टी आपोआप बदलणारी ठेवल्यास एकसारख्या थंड भिंतीवरही भडक डाग उमटतात, म्हणून किमान आणि कमाल तापमान पडद्यावर लिहिलेले असावे.

सर्वाधिक काळजी आकडे वाचताना घ्यावी लागते. चकचकीत धातू स्वतः फार कमी उत्सर्जन करतो आणि आजूबाजूची उष्णता परावर्तित करतो, त्यामुळे उकळत्या पाण्याचे स्टीलचे भांडेही थंड भासू शकते. अशा पृष्ठभागावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवावी, उत्सर्जकता (पृष्ठभाग किती चांगले उत्सर्जन करतो याचे ० ते १ मधील माप) सुमारे ०.९५ धरावी आणि फक्त टेपवरचे तापमान वाचावे. कॅमेरा सुरू केल्यावर सेन्सर स्थिरावण्यासाठी काही मिनिटे द्यावीत आणि ईएसपी३२ त्याच्यापासून दूर बसवावा, नाहीतर बोर्डाची उष्णता मोजमापात मिसळते. डबी बंद करताना सेन्सरपुढे काच किंवा ॲक्रिलिक लावू नये, कारण दोन्ही या लहरी अडवतात. धुळीपासून संरक्षण हवेच असेल तर अतिशय पातळ पॉलिथिन ताणून बसवावे आणि त्यामुळे आकड्यांत पडणारा फरक टेपवर पुन्हा मोजून घ्यावा.