लॉगआउट केलं तरी सर्व्हरवरचा प्रोग्राम चालू कसा ठेवायचा

समजा तुम्ही जळगावात बसून मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या सोयीने, लॉगिन केलंय, केळीचे रोजचे भाव दाखवणारा पायथनचा प्रोग्राम सुरू केलाय, आणि भर दुपारी लाइट गेली, राउटर बंद, कनेक्शन तुटलं. थोड्या वेळात चोपड्याहून फोन, भाऊ आजचे भाव दिसत नाहीत. सर्व्हर तिकडे व्यवस्थित चालू असतो, बंद पडतो तो फक्त तुमचा प्रोग्राम.

कारण असं की टर्मिनल गेलं की शेलला, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, सिगहप नावाचा 1 नंबरचा सिग्नल मिळतो, शेल तो आपल्या जॉब्सना, म्हणजे त्यातून सुरू केलेल्या प्रोग्राम्सना, पुढे पाठवतो, आणि प्रोग्रामने त्याची वेगळी सोय केलेली नसेल तर तो तिथेच संपतो. मोडेमच्या काळात फोनची लाइन कटली की हा सिग्नल यायचा, तेव्हापासूनची पद्धत आहे.

सगळ्यात सोपं म्हणजे नोहप. आधी एन, ओ, एच, यू, पी टाइप करा, मग स्पेस देऊन नेहमीची कमांड आणि शेवटी अँडचं चिन्ह. नोहपमुळे सिगहपचा परिणाम होत नाही, अँडमुळे प्रोग्राम बॅकग्राउंडला जातो, दोन्ही कामं वेगळी आहेत म्हणून दोन्ही लावा. आउटपुट त्याच फोल्डरमध्ये नोहप डॉट आउट या फाइलमध्ये जमा होतं. पायथन असेल तर ही फाइल बराच वेळ रिकामी दिसते आणि माणूस घाबरतो, पण पायथन आउटपुट साठवून मग एकदम लिहितो एवढंच, पायथनच्या पुढे डॅश यू लावलं की लगेच दिसायला लागतं.

नोहप न लावताच प्रोग्राम चालू केला असेल तर कंट्रोल झेड दाबा, बीजी टाइप करा, मग डिसओन. जीव वाचतो, पण आउटपुट त्या जुन्या टर्मिनलशीच बांधलेलं राहतं, त्यामुळे ही फक्त अडचणीतली सोय समजा.

रोजच्या कामाला टीमक्स (टी, एम, यू, एक्स) लावा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्राम, आपल्याकडे लाइटचा आणि नेटचा भरवसा नसतो तिथे तर लावाच. टीमक्स टाइप करून एंटर मारा, आत प्रोग्राम चालू करा, कंट्रोल बी दाबून सोडा आणि मग डी. बाहेर आलात, आता खुशाल लॉगआउट करा. संध्याकाळी भुसावळहून दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याच यूजरने लॉगिन करून टीमक्स अटॅच म्हणा, स्क्रीन जशीच्या तशी समोर.

पण सर्व्हर रीबूट झाला की नोहपही जातो आणि टीमक्सही. लोक ज्याच्यावर अवलंबून आहेत असा प्रोग्राम सिस्टिमडीलाच, म्हणजे लिनक्स सुरू होताना सर्व्हिसेस चालू करणाऱ्या प्रोग्रामलाच, द्या, याच्यात आळस नको. ईटीसीमधल्या सिस्टिमडी फोल्डरच्या आत सिस्टिम नावाचं फोल्डर आहे, तिथे डॉट सर्व्हिस शेवट असलेली फाइल बनवा. सर्व्हिस भागात एक्झेकस्टार्टपुढे पायथनचा आणि प्रोग्रामचा पूर्ण पाथ, यूजरमध्ये रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) सोडून साधा यूजर, रीस्टार्ट बरोबर (म्हणजे इक्वल टूचं चिन्ह) ऑलवेज आणि रीस्टार्टसेक बरोबर 5, म्हणजे कोसळला तर 5 सेकंदांनी परत उठतो. इन्स्टॉल भागात वाँटेडबाय बरोबर मल्टी-यूजर डॉट टार्गेट, ही ओळ राहिली तर रीबूटनंतर काही आपोआप सुरू होणार नाही. मग सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, आणि त्यानंतर सिस्टिमसीटीएल इनेबल डॅश डॅश नाऊ, पुढे सर्व्हिसचं नाव. काही अडलं तर जर्नलसीटीएल डॅश यू आणि सर्व्हिसचं नाव टाकून लॉग वाचा, बहुतेक वेळा पाथच चुकलेला असतो.

शेवटी रात्री गर्दी नसताना सर्व्हर मुद्दाम एकदा रीबूट करा आणि सिस्टिमसीटीएल स्टेटसमध्ये अ‍ॅक्टिव्ह रनिंग दिसतंय का ते बघा.